पॅरिसमध्ये बसमधलं जेवण, आईला झेपेल का?

मंडळी, जूनमध्ये आई-बाबांना घेऊन पॅरिसला जातोय. तिथे बस्ट्रोनोम नावाची काचेच्या छताची डबलडेकर आहे. खाली स्वयंपाकघर, वर टेबलं, आणि आर्क द त्रियोंफपासून निघून गावभर फिरत जेवायचं. बाबा एका पायावर तयार. आई मात्र शाकाहारी, त्यात पसरणीच्या घाटात आवळासुपारी चघळत डोळे मिटून बसणारी! कोणी गेलंय का? बस फार हिंदकळते का? शाकाहारी मेन्यूत पोटभरीचं काही असतं, की नुसती सजवलेली पानं? आणि जूनमध्ये तिथे सूर्य मावळायलाच दहा वाजतात, आयफेलची रोषणाई त्यानंतर. मग रात्रीचे जास्त पैसे मोजण्यापेक्षा दुपारचंच बुकिंग करू का?