माजी सेवेकरी बोलल्या, की पहिला प्रश्न ‘इतकी वर्षं गप्प का?’ हाच का?

शुभदा, नौपाडा
आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर गुरुवारी एका महाराजांचा सत्संग असतो. गेल्या महिन्यात त्यांच्या दोन माजी सेवेकरी बायकांनी उघड सांगितलं, की ‘विशेष अनुग्रह’ म्हणून एकटीला खोलीत बोलावून महाराजांनी अत्याचार केले. सोसायटीच्या ग्रुपवर लगेच प्रश्न आला, इतकी वर्षं गप्प का? गुरुनिंदा कानावर पडणंही पाप, असं लहानपणापासून ऐकलेली बाई सांगणार कुणाला? घरच्या देवघरात त्याच माणसाची तसबीर. माझं मत स्पष्ट आहे, चौकशी होईपर्यंत हॉल देऊ नये.

विलासकाका, वर्तकनगर
शुभदाताई, मी 18 वर्षं त्या सत्संगाला जातो. माझी दारू तिथे सुटली, संसार वाचला. आरोप खरे असतील तर जन्मठेप होऊ दे, पण आधी पोलिसांत तक्रार तरी करा. आज हॉल बंद केलात तर तिथे बसणारे आम्ही पन्नास जण विनाकारण गुन्हेगार ठरतो.

शुभदा, नौपाडा
काका, तुमचं भलं झालं हे खरंच. म्हणून त्यांचं वाईट झालंच नाही, असं होत नाही ना? आसारामचं बघा. सुरतच्या एका माजी शिष्येने 2013 मध्ये तक्रार दिली ती 2001 ते 2006 मधल्या अत्याचारांची. गांधीनगरच्या कोर्टाने जानेवारी 2023 मध्ये त्याला जन्मठेप दिली. उशीर झाला म्हणून ती खोटी ठरली नाही. आणि बोलण्याची किंमत? त्याचेच जुने वैद्य अमृत प्रजापती साक्षीदार होते. 2014 मध्ये राजकोटला त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, त्यात ते गेले.

मंदार, कळवा
फक्त आपल्याच गुरूंवर बोट का?

शुभदा, नौपाडा
चर्च असो, मदरसा असो, हेच म्हणेन.

एक माजी सेवेकरी, नेरुळ
मी दुसऱ्या एका महाराजांकडे 9 वर्षं सेवेत होते. जे झालं ते मी सर्वांत जुन्या ताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “महाराज तुझी परीक्षा घेताहेत,” आणि मला पारायणाला बसवलं. मी बसले. माझ्यातच खोट आहे, असं वाटत राहिलं. बाहेर पडल्यावर फोन यायचे बंद झाले, माझी सगळी माणसं तिथलीच होती. आईला अजून सांगितलेलं नाही. ती दर गुरुपौर्णिमेला माझ्या नावाने दक्षिणा पाठवते. काका, गप्प का, ते हे.

अ‍ॅड. मेघना, पाचपाखाडी
बलात्काराच्या तक्रारीला कायद्यात मुदत नाही. गुन्हा कुठेही घडलेला असो, झिरो एफआयआर कुठल्याही पोलीस ठाण्यात घेतलाच पाहिजे. आणि पीडितेचं नाव उघड करणं हाच गुन्हा आहे, तेव्हा ग्रुपवर त्या दोघींची नावं लिहिणाऱ्यांनी ती आत्ता काढावीत. हॉल न देणं ही शिक्षा नव्हे, तो कमिटीचा निर्णय आहे.

विलासकाका, वर्तकनगर
नेरुळच्या ताई, वाचून सुन्न झालो. हॉल बंद करायला माझा विरोध कायम आहे, रविवारच्या मीटिंगमध्येही तेच सांगेन. पण ग्रुपवरचा तो प्रश्न मी विचारला होता. डिलीट करतो.

शुभदा, नौपाडा
डिलीट नका करू, काका. त्या दोघींनी तो वाचलाय. त्याच्याच खाली माफी मागा.