पुस्तक स्वतःच काढलं, आता यावर पूर्णवेळ जगता येईल का?

शब्दवेडा: नमस्कार मंडळी, माझी पहिली डिटेक्टिव्ह कादंबरी मी स्वतःच ई-बुक म्हणून टाकली. ओळखीपाळखीच्यांनी घेतली, रिव्ह्यू पण बरे आले आणि मग विक्री एकदम ठप्प. कोणी म्हणतं जाहिरातीवर पैसे टाक, कोणी म्हणतं फक्त अॅमेझॉनच्या किंडलवर ठेव, कोणी म्हणतं सगळीकडे लाव. मला हेच पूर्णवेळ करायचंय, नोकरी सोडायची तयारी आहे. कुठून सुरुवात करू?

खोडरबर: नोकरी राहू द्या हो आत्ता! आणि एकाच पुस्तकावर जाहिरात तर अजिबात नको. साधा हिशोब बघा, जाहिरातीवरून आलेला वाचक एक पुस्तक घेणार आणि त्याची रॉयल्टी बहुतेक वेळा क्लिकच्या खर्चातच जाणार. पण त्याच डिटेक्टिव्हची चार पुस्तकं असली की पहिलं आवडलेला माणूस पुढची आपणहून घेतो, त्याच्यासाठी परत खर्च नाही, या धंद्यातली कमाई खरं तर तिथे आहे. म्हणून पहिलं वाचलेल्यांपैकी दुसरं किती जण घेतात हा आकडा धरून बसा. तो पडला तर जाहिरात बदलून काही होत नाही, गोष्टच कुठेतरी ढिली पडलीय. स्वतःच ई-बुकं काढून गाजलेल्या अमेरिकन लेखिका अमांडा हॉकिंगचं उदाहरण सगळे देतात, की 2011 मध्ये सेंट मार्टिन्स प्रेस या प्रकाशनाने तिला चार पुस्तकांचे 20 लाख डॉलर दिले वगैरे, पण 2010 मध्ये तिने ई-बुकं टाकायला सुरुवात केली तेव्हा तिच्याकडे बऱ्याच कादंबऱ्या लिहून तयार होत्या हे कोणी सांगत नाही.

निळी_शाई: किंडलबद्दल सांगते. केडीपी म्हणजे अॅमेझॉनवर स्वतः पुस्तक टाकायची सोय, त्यातल्या सिलेक्ट योजनेत गेलात की 90 दिवस ते ई-बुक दुसरीकडे कुठेच ठेवता येत नाही, स्वतःच्या साइटवरसुद्धा नाही. छापील प्रत मात्र कुठेही विका. बदल्यात किंडल अनलिमिटेडवर, म्हणजे वर्गणी भरून हवी ती पुस्तकं वाचायच्या योजनेत, वाचलेल्या पानांमागे पैसे मिळतात. मुदत आपोआप वाढते हां, नको असेल तर आधी टिक काढून ठेवा. किंमत पण बघून ठेवा, अमेरिकेच्या स्टोअरवर 2.99 ते 9.99 डॉलरच्या मधे असेल तरच 70 टक्के रॉयल्टी, बाहेर गेलात की 35. मालिका नवीन असेल तर मी सिलेक्टच घेईन, कारण अनोळखी लेखकाचं पुस्तक विकत घ्यायला लोक कचरतात पण वाचून बघायला नाही. छापील प्रतीसाठी केडीपी देतं तो फुकट आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) दुसरीकडे चालत नाही एवढं लक्षात असू द्या.

समासातला: खोडरबरशी सहमत, फक्त भराभर लिहायच्या नादात एडिटर आणि कव्हर यात काटकसर करू नका. कव्हर आपल्याला आवडतं का हा प्रश्नच नाही, डिटेक्टिव्ह वाचणाऱ्याला ते अंगठ्याएवढं दिसत असताना "हे आपल्यासाठी आहे" असं वाटलं पाहिजे. आणि प्रकाशक आलाच तर सगळे हक्क देऊन टाकू नका, ह्यू हाउई या स्वतःच पुस्तकं काढणाऱ्या अमेरिकन लेखकाने 2012 मध्ये सायमन अँड शुस्टरला फक्त छापील हक्क दिले, ई-बुक स्वतःकडे ठेवलं. (आपल्याकडे कोण येतंय म्हणा, पण तरी.)

शब्दवेडा: भारी माहिती, धन्यवाद सगळ्यांना! दुसरं निम्मं झालंय. तोवर पहिल्याची किंमत उतरवू का?

खोडरबर: आत्ता उतरवून जे वाचक येतील त्यांना पुढे पाठवणार कुठे? दुसरं आलं की उतरवा. पहिल्याची फाइल कधीही बदलता येते, तर आजच शेवटच्या पानावर वाचकांच्या ईमेलसाठी लिंक टाका आणि दुसरं आलं की त्याची पण.