अनुभव धागा : जुन्या गल्लीतले घर, सामाईक भिंत आणि आजोबांच्या नावचा उतारा

बेळगाव, शहापूर, खानापूर, निपाणी येथील जुन्या गल्ल्यांतील अनेक घरांच्या दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक आहेत आणि उताऱ्यावर अजून आजोबांचेच नाव आहे. अशा घराची दुरुस्ती, वाटणी किंवा विक्री करताना काय घडले, ते सविस्तर लिहावे. ‘चांगला वकील गाठा’ एवढ्यावर थांबू नये. त्याच्याकडे कोणते कागद न्यावे लागले, तेही सांगावे.

शहापूर
शेजाऱ्यांनी घर पाडून इमारत बांधायला घेतली, तेव्हा खरा प्रश्न आमच्या माडीच्या तुळयांचा होता, कारण त्यांची टोके सामाईक मातीच्या भिंतीत रुतलेली होती आणि भिंत त्यांच्या बाजूने उघडी पडली असती, तर इकडचा पावसाळा तिने काढला नसता. आम्ही सिटी सर्व्हेची मोजणी करून घेतली, भेगांची छायाचित्रे काढून दोघांच्या सह्यांचा पंचनामा केला आणि तुळयांना आधी लोखंडी टेकू, मग पाडकाम, असे स्टँपपेपरवर लिहून घेतले. शेजारसंबंध चांगले असतील, तर हे लिहून घेणे अधिकच सोपे जाते.

बेळगाव, गावभाग
घर वडिलोपार्जित असल्याने आत्यांचा हिस्सा निघाला. 9 सप्टेंबर 2005 पासून मुलगी जन्मतः सहदायाद (म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकीच हिस्सेदार) ठरते आणि त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले. 20 डिसेंबर 2004 पूर्वीच्या वाटण्यांना संरक्षण आहे खरे, पण त्यासाठी वाटणीपत्र नोंदणीकृत किंवा वाटणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेली असावी लागते. आमचे तर साध्या कागदावर होते. घर आजोबांचे स्वकष्टार्जित असते आणि मृत्युपत्र नसते, तरी 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने आत्या वारस ठरल्याच असत्या. अखेर नोंदणीकृत हक्कसोडपत्र झाले, आणि तेही योग्य मोबदला देऊन. साडीचोळीवर सही घेण्याची रीत मला कधीच पटली नाही. मूळ खरेदीखत मुंबई इलाख्याच्या काळातले, मोडीतले. त्याचे लिप्यंतर आणि भाषांतर करून घेतल्यावरच बँकेने कर्जाचा अर्ज पुढे सरकवला.

वडगाव
थोडक्यात सांगतो. घरपट्टी वर्षानुवर्षे एकाच भावाने भरली, म्हणून घर त्याचे होत नाही. पावत्या मात्र जपाव्यात, हिशेबाच्या वेळी उपयोगी पडतात.

निपाणी
काकांनी आपला अविभक्त हिस्सा कुटुंबाबाहेरच्या व्यक्तीला विकला आणि खरेदीदार थेट ओसरीत राहायला येऊ पाहत होते. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 44 नुसार अशा खरेदीदाराला एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरात सामाईक ताबा मागता येत नाही, त्यांना वाटपाचाच दावा करावा लागतो. त्यांनी तो केला, तेव्हा 1893 च्या वाटप कायद्याच्या कलम 4 चा आधार घेऊन तो हिस्सा आम्हीच विकत घेण्याची तयारी न्यायालयात लेखी कळवली. किंमत न्यायालय ठरवील. मूल्यांकन व्हायचे आहे. तोवर कौले चाळण्याचा खर्च कोणी करायचा, यासाठी वेगळा अर्ज दिला आहे.