महापालिकेच्या भाड्याच्या घरांसाठी धोरण ठरतंय, सूचना काय द्यायच्या?

खाडीपलीकडचा:
नमस्कार मंडळी. आमच्या महापालिकेकडे एमएमआरडीएच्या (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या) रेंटल हाउसिंग, म्हणजे भाड्याच्या घरांच्या योजनेतली बरीच घरं आहेत, २००८ ला निघालेली ती योजना, १६० चौरस फुटांची एकेक खोली. मूळ कल्पना चांगली होती की झोपडीशिवाय ज्याला पर्यायच नाही त्याला परवडेल अशा भाड्यात पक्कं घर मिळावं. पण आमच्याकडं झालं असं की धोकादायक इमारतीतनं काढलेले, रस्तारुंदीत घर गेलेले, सगळे तिथंच "तात्पुरते" आणून ठेवले आणि ते तात्पुरतं काही संपत नाही. लिफ्ट बंद, पाण्याची मोटर जळाली की चार दिवस टँकर, आणि कुठल्या खोलीत खरं कोण राहतंय हे कुणालाच धड सांगता येत नाही. आता ह्या घरांसाठी धोरण करायचं घाटतंय आणि लोकांकडनं लेखी सूचना मागवल्यात. मीटिंगला जो तो फक्त भाडं किती ह्यावरच बोलतो. त्याशिवाय काय मागायला हवं? ज्यांनी हे काम जवळून बघितलंय त्यांनी कृपया लिहा.

निवृत्त_कारकून:
मी एका महापालिकेत मालमत्ता विभागात होतो म्हणून सांगतो, पहिली मागणी स्वतंत्र खात्याची करा. भाडं येतं ते सर्वसाधारण निधीत जातं, आणि लिफ्ट दुरुस्तीची फाइल निघाली की तरतूद नाही असा शेरा पडतो. मग लोक म्हणतात सोय नाही तर भाडं का भरू, आणि विभाग म्हणतो वसुली नाही तर सोय कुठून करू. हे तोडायचं असेल तर घरांचं भाडं वेगळ्या खात्यात, त्यातनं फक्त त्याच घरांची देखभाल, आणि जमाखर्च दरवर्षी इमारतीच्या खाली बोर्डावर.

दुसरं म्हणजे ताब्याचं रजिस्टर. खोली नंबर, कुणाला दिली, कुठल्या कारणाने, कधीपर्यंत, आणि आज आत कोण. हे शेवटचं "आज आत कोण" कुठंच नसतं. वर्षातनं एकदा प्रत्यक्ष पाहणी झालीच पाहिजे, तीही त्याच प्रभागाच्या माणसांकडून नको, दुसऱ्या प्रभागातली टीम पाठवा.

आणि घरं रिकामी ठेवू नका हे ठासून लिहा. पनवेलजवळ कोनला ह्याच योजनेतल्या दोन-दोन खोल्या जोडून ३२० फुटांची घरं केली, २०१६ ला गिरणी कामगारांसाठी २४१७ घरांची सोडत काढली, मधे कोविडमध्ये तिथं विलगीकरण केंद्र झालं, घरं खराब झाली आणि ताबा मिळायला कित्येक वर्षं गेली. ज्या कामगारानं आयुष्य गिरणीत घालवलं त्याला सत्तरीत दुरुस्तीची वाट बघत बसावं लागलं.

वर्षा_तळमजला:
मी अशाच इमारतीत राहते, धोकादायक म्हणून आमची जुनी बिल्डिंग पाडली तेव्हा आलो. एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून लिहिते. बिल्डिंग खाली करताना जुन्या घराच्या क्षेत्रफळाचा महापालिकेचा दाखला आमच्या मजल्यावर फक्त तीन घरांनी मागून घेतला, बाकीच्यांना माहीतच नव्हतं. आज मूळ जागेवर बिल्डर आलाय तर ज्यांच्याकडं दाखला आहे त्यांच्याशी तो नीट बोलतो आणि बाकीचे वीजबिलं आणि जुन्या भाडेपावत्या गोळा करत फिरतायत. तर धोरणात हे हवं की दाखला हातात दिल्याशिवाय कुणालाही घराबाहेर काढायचं नाही.

आणि दादा, १६० फूट म्हणजे काय ते मसुदा लिहिणाऱ्यांनी एकदा रात्री येऊन बघावं. सासूबाईंची कॉट लावली की दोन गाद्या टाकायला जागा उरते, मुलगी दहावीला आहे, ती जिन्यात लाइटखाली बसून अभ्यास करते. बीडीडी चाळीतल्या खोल्या पण १६० फुटांच्याच ना? त्या १९२० च्या दशकातल्या, आणि तिथल्या लोकांना आता ५०० फुटांची घरं मिळतायत, २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीत ५५६ जणांना चाव्या पण दिल्या. चार-पाच माणसांच्या घराला शेजारशेजारच्या दोन खोल्या द्याव्यात असं सरळ लिहा. शाळा कुठली ते बघून वाटप करा हेही लिहा, आमच्यातल्या दोन मुलांची शाळा लांब पडली म्हणून सुटली.

टेम्सकाठी:
मी लंडनला एका कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या पालिकेच्या, हाउसिंग ऑफिसात काम करतो. वर काका म्हणाले तसं वेगळं खातं इथं कायद्यानंच आहे, हाउसिंग रेव्हेन्यू अकाउंट म्हणतात, घरभाड्याचे पैसे रस्त्याला किंवा बागेला वळवता येत नाहीत. घर कुणाला आधी द्यायचं ह्याचे नियम प्रत्येक कौन्सिलला छापून जाहीर करावेच लागतात, म्हणजे नंबर मागं का गेला हे माणूस विचारू शकतो. आणि घर बेकायदा पोटभाड्यानं देणं हा २०१३ पासून फौजदारी गुन्हा आहे.

पण दुरुस्तीचं कलम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. २०२० ला रॉचडेलमध्ये भिंतीवरच्या बुरशीमुळं दोन वर्षांचं बाळ गेलं, आईबापांनी तक्रारी करूनसुद्धा. त्यावरनं कायदा झाला आणि ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला, जिवाला धोका असेल तर २४ तासांत काम, गंभीर ओल-बुरशी असेल तर १० कामाच्या दिवसांत तपासणी. तुम्ही पण मुदत घालूनच मागा. "लवकरात लवकर" हा शब्द मसुद्यात ठेवू देऊ नका.

आणखी एक, घरं विकायची वाट उघडू नका. इथं १९८० पासून भाडेकरूंना सवलतीत घरं विकली, लाखो घरं गेली, तेवढी नवी बांधली नाहीत आणि आज याच कौन्सिलांना बेघर कुटुंबं ठेवायला खाजगी मालकांकडनं महाग खोल्या घ्याव्या लागतात. घेणाऱ्या कुटुंबाचं भलं झालं हे खरंच, पण रांगेतल्या पुढच्याचं काय.

खाडीपलीकडचा:
सगळ्यांचे मनापासून आभार, वर्षाताई दाखल्याचं तर आम्हाला सुचलंच नसतं. एक अडचण आहे, पोटभाडेकरूंना सरसकट काढा असं मंडळातल्या बऱ्याच जणांचं म्हणणं आहे. काका, तसं लिहावं का?

निवृत्त_कारकून:
सरसकट नको. महापालिकेच्या जागेला भाडे नियंत्रण कायदा लागू नाही, महानगरपालिका अधिनियमात कलम ८१ब खाली नोटीस देऊन, म्हणणं ऐकून बाहेर काढता येतं, म्हणजे अधिकार आहे. पण आत राहणारा आणि त्याच्याकडनं पैसे खाणारा ही दोन वेगळी माणसं आहेत. म्हाडाच्या संक्रमण शिबिरांत पण मूळ रहिवासी, मुखत्यारपत्रावर त्यांच्याकडनं खोली घेतलेले आणि घुसखोर असे तीन गट करावेच लागले. तुम्ही असं लिहा की ज्यानं वाटपाची खोली दुसऱ्याला देऊन डिपॉझिट घेतलं त्याचं वाटप रद्द करून गुन्हा नोंदवा, आणि आत राहणारा खरोखर गरजू असेल तर त्याचा अर्ज नियमाप्रमाणे रांगेत घ्या, पावसाळ्यात कुणाला बाहेर काढू नका. अर्जाची पोच शिक्क्यासकट घ्या, आणि सोबत इमारतीतल्या बायकांच्या सह्या जोडा, पाण्याचं आणि लिफ्टचं खरं त्याच सांगतील.