कच्चं मडकं

वारीवरच्या चर्चेत एकांनी लिहिलंय की सलग बारा वर्षं वारी केल्यावर त्यांचा 'मीपणा' गळून पडला. असेलही. मला मात्र नामदेव आठवले. गोरोबाकाकांनी, म्हणजे संत गोरा कुंभारांनी, मडकी थापायचं थापटणं घेऊन संतमंडळींची डोकी तपासली, ही कथा इथे सगळ्यांना ठाऊक असणार. बाकीचे मुकाट बसले, नामदेव चिडले आणि कच्चे ठरले. ज्याच्या हातून खुद्द विठ्ठल जेवला, तो! पण मला आवडतो तो पुढचा भाग. रुसून पंढरीला परतलेले हेच नामदेव मग औंढ्या नागनाथला विसोबा खेचरांकडे शिकायला गेले. आणि परंपरा सांगते, शेवटी त्यांनी जागा मागितली ती विठ्ठल मंदिराच्या महाद्वारातल्या पायरीची.

माझं सांगतो. वारीत 'माउली' म्हणत मी कुणाच्याही पाया पडतो. त्यात माझं काहीच जात नाही, उलट छानच वाटतं (गोम तिथेच आहे). पण गेल्या खेपेला दर्शनबारीत एक जण मध्येच घुसला, तेव्हा तोंडून 'माउली' निघालं नाही. काय निघालं ते इथे लिहीत नाही.

आणि हे एकट्यादुकट्याचं नाही. त्याच पायरीजवळ चोखोबांची समाधी आहे. त्यांच्या, म्हणजे अस्पृश्य मानलेल्या लोकांना देवळात घ्यावं म्हणून १९४७ साली साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. तोवर आपण चंद्रभागेच्या वाळवंटात एकमेकांच्या पाया पडतच होतो की.