मदत हवी आहे: कॉलेजात इंग्रजीतून लिहायची तयारी कशी करावी?

नमस्कार मंडळी. आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारात राहतो. लेकीची बारावी गुजराती माध्यमातून झाली, आता सयाजीराव विद्यापीठात बी.ए.ला जाईल. तिथे शिकवणं इंग्रजीतून. बोलायला ती घाबरत नाही, घोडं अडतं ते लिहिताना. परवा यूट्यूबवर अर्ध्या तासाचं लेक्चर लावून नोट्स काढायला सांगितल्या. पहिली चार वाक्यं शब्दन् शब्द उतरवली, पुढे पान कोरं! एका लेखाचा सारांश लिही म्हटलं, तर मूळचीच वाक्यं मागेपुढे केली. ‘बारावीपर्यंत असंच चालायचं की,’ म्हणते. खोटं नाही ते.

क्लासवाल्यांचं एकच पालुपद, आयेल्ट्स (परदेशी जाणारे देतात ती इंग्रजीची परीक्षा) करा. पण त्यातला मोठा निबंध ४० मिनिटांत २५० शब्दांचा, तोही आपल्याच मनाने. तीन-चार पुस्तकं वाचून, कुणाचं मत कुठून घेतलं ते नोंदवत लिहायचं, हे कोण शिकवणार? आणि सरांचं म्हणणं पटलं नाही, तर उद्धट न वाटता इंग्रजीत सांगायचं कसं? (मराठीतही मला ते जमत नाही, ते सोडा.)

बडोद्यात असं शिकवणारं कुणी माहीत आहे का? की घरीच रोज थोडं थोडं करून घ्यावं? हातात दीड महिना आहे. ज्यांची मुलं यातून गेलीत त्यांनी जरूर सांगा.