'संगत कोन' म्हटलं की 'समान' हे मुलीच्या डोक्यातून कसं काढू? (नववी, भूमिती)

नमस्कार. मुलगी नववीत आहे, राज्य मंडळ. समांतर रेषांच्या प्रकरणात अडलोय.

उदाहरण असं: रेषा ल आणि रेषा म यांना एक छेदिका प आणि फ बिंदूंत छेदते. संगत कोनांच्या (दोन्ही छेदनबिंदूंपाशी सारख्याच जागी असलेल्या कोनांच्या) एका जोडीचे दुभाजक एकमेकांना समांतर आहेत. तर ल आणि म समांतर आहेत हे सिद्ध करा.

तिने पहिल्याच ओळीत लिहिलं, 'प आणि फ पाशी झालेले कोन समान, कारण संगत कोन'. बाईंनी तिथेच लाल रेघ मारली. ती म्हणते, 'बाबा, ते संगत कोनच आहेत ना?' चूक मला दिसतेय, पण तिला पटेल असं सांगता येत नाही.

शिवाय माझी एक शंका. आंतरकोन कसोटी (छेदिकेच्या एकाच बाजूच्या आंतरकोनांची बेरीज 180° असेल तर रेषा समांतर) सिद्ध करताना त्रिकोणाच्या कोनांची बेरीज 180° वापरली आहे. ती बेरीज तर समांतर रेषा काढूनच मिळवतात! मग फिरून भोपळे चौकात नाही का?

प्रतिसाद

'संगत' हे फक्त जागेचं नाव आहे, मापाचं नाही. पुढे मिळतील अशा दोन रेषा आणि छेदिका तिलाच काढू द्या, कोनमापकाने मोजू द्या.

मग विचारा, पक्षात, म्हणजे दिलेल्या माहितीत, समांतर काय आहे? दुभाजक. म्हणून गुणधर्म (रेषा समांतर असतील तर संगत कोन समान) त्यांनाच लावायचा: छेदिकेशी झालेले अर्धे कोन समान. दुप्पट केले की मूळ संगत कोन समान. आता संगत कोन कसोटी (उलट बाजू: संगत कोन समान असतील तर रेषा समांतर), म्हणून ल आणि म समांतर.

तुमची शंका रास्त आहे, पण चक्र होत नाही. त्या बेरजेसाठी गुणधर्म लागतो, कसोटी नाही. आणि गुणधर्म युक्लिडच्या पाचव्या गृहीतकावर (एका बाजूच्या आंतरकोनांची बेरीज 180° पेक्षा कमी असेल तर रेषा त्या बाजूला मिळतात) उभा आहे. खुद्द युक्लिडने तर बेरजेला हातच लावला नाही. त्रिकोणाचा बाह्यकोन दूरस्थ आंतरकोनापेक्षा मोठा, एवढ्यावर त्याने 'एलिमेंट्स' ग्रंथाच्या पहिल्या भागातल्या 27व्या प्रमेयात व्युत्क्रम कोन कसोटी (छेदिकेच्या विरुद्ध बाजूंचे आतले कोन समान असतील तर रेषा समांतर) सिद्ध केली. पाचवं गृहीतक येतं 29व्यात, गुणधर्मासाठी, आणि बेरीज थेट 32व्यात. मला ही मांडणी फार सुंदर वाटते.

धागाकर्ता

मनापासून आभार. तिने काढलं: एक कोन 64°, दुसरा 81°. बराच वेळ बघत बसली, मग सिद्धता स्वतःच लिहिली. आता विचारतेय, छेदिकेच्या एकाच बाजूच्या आंतरकोनांचे दुभाजक घेतले तर? मी म्हटलं, ते काटकोनात मिळाले तर काय होईल ते शोध. अजून वही घेऊन बसली आहे.